ऊन आणि मोटारगाडी

हिंगोली जिल्ह्यांतील माणसास उन्हाचें महत्त्व सांगावयास नको. वसमतच्या ज्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ती शिजवून उन्हांतच वाळवितात. परंतु तीच हळद दळून आणली म्हणजे आमची आजी घट्ट झाकणाच्या डब्यांत, अंधाऱ्या फडताळांत ठेवी. आणि कपड्यास लागलेला हळदीचा डाग साबणानें न निघाल्यास तो कपडा उन्हांत पसरावयास सांगे. एकदोन दिवसांत डाग फिका पडे. जें ऊन हळद वाळवितें, तेंच तिचा रंग खातें, हें ज्ञान आमच्या घरोघरीं आहे. मोटारगाडीपाशीं आलों म्हणजे मात्र आपण तें विसरतों.

आमच्या दारांत एक जुनी तांबडी मोटार उभी असते. गेल्या वर्षीं वडिलांनीं तिच्या दारावर चिकटविलेलें एक चित्र खरवडून काढलें, तेव्हां त्याखालीं गर्द तांबडा चौकोन दिसला. भोंवतालचा रंग विटून गेला होता. गाडी तीच, रंग तोच, वर्षेंही तितकींच. भेद काय तो आच्छादनाचा.

याचें कारण असें. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात. मोटारीच्या रंगावर जो पारदर्शक थर दिलेला असतो, त्याच्या रेणूंचे बंध हे किरण हळूहळू तोडतात. मग तकाकी जाते व आंतील रंगही उघडा पडतो. गाडीची पुढील कांच दुपदरी असून मध्यें एक पापुद्रा असतो, त्यामुळें ती बहुतेक अतिनील किरण अडविते. दारांच्या साध्या कांचा तितके अडवीत नाहींत, म्हणून खिडकीलगतच्या बैठकीचें कापड विटतें. शिवाय बंद गाडींत उष्णता कोंडून राहते व तिनें डॅशबोर्डास तडे जातात.

यावर पहिला व सर्वांत स्वस्त उपाय सावलीचा. लिंबाचें झाड असो वा पत्र्याचा मांडव, दोन्ही चांगलीं. मात्र पक्ष्यांची विष्ठा व झाडाचा चीक रंगास बाधतो, तो लगेच ओल्या फडक्यानें पुसावा. सावली नसल्यास पुढील कांचेस आंतून चकचकीत पडदा लावावा व बैठकींवर सुती कापड पसरावें. गाडीवर आच्छादन घालण्यापूर्वीं धूळ धुऊन काढावी; नाहीं तर वाऱ्यानें हलणारें कापड त्याच धुळीनें रंगावर ओरखडे काढतें. धुणें सकाळीं, पत्रा गार असतांना करावें. तापल्या पत्र्यावर बोअरचें जड पाणी सुकलें कीं क्षारांचे डाग उमटतात. मधून मधून मेणाचा हात द्यावा.

कांहीं उपाय मात्र टाळावे. कांचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं मनाई केली. पुढील व मागील कांचेंतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या कांचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. अहमदाबादेंत २०१९ सालीं शेणानें लिंपलेल्या एका मोटारीचें छायाचित्र फार गाजलें. कुडाच्या भिंतीस तो उपाय शोभतो. गाडीवर मात्र खरवडतांना शेणांतील काडीकचरा रंगाची तकाकी घालवील.

वाचकहो, रंग विटला तर पुन्हां देतां येतो. परंतु त्याच बंद गाडींत बाजाराच्या दिवशीं एखादें निजलेलें मूल ठेवून ‘दोन मिनिटांत येतों’ म्हणणारे पालक मीं पाहिले आहेत. अमेरिकेंत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत उन्हांतील बंद गाडीचें तापमान तासाभरांत सरासरी २२ अंशांनीं वाढलें आणि त्यांतील चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच झाली. कांच बोटभर उघडी ठेवूनही फारसा फरक पडला नाहीं. त्या वेळीं बाहेर २२ ते ३६ अंशच होते. आमच्याकडे मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, आणि लहान मुलाचें शरीर मोठ्यांपेक्षां फार लवकर तापतें.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, दुपारीं गाडींतून उतरतांना धाकटें भावंड झोंपलेलें असेल, तर त्यास उठवून बरोबर घ्या. तें रडलें तरी चालेल.