फणस की तोंडली?

परसातल्या एका रिकाम्या कोपऱ्यात काय लावायचं, एवढाच प्रश्न होता. बाबांना हवा होता फणस, काकूला हवी होती तोंडली. पावसाळ्याच्या तोंडावर आंजर्ल्यात घालवलेल्या एका वीकएण्डची ही गोष्ट...

शुक्रवारी रात्री स्वारगेटला दापोलीच्या एसटीत बसले, तेव्हा बॅगेत लॅपटॉप होता आणि डोक्यात बाबांची ऑर्डर. "उतरलीस की आधी फणसाचं कलम घे. वहिनींना विचारत बसू नकोस. जिथे होता तिथेच लावून ये."

आठवडाभर डेडलाइन्सशी मारामारी करून कोकणात निघालेल्या माणसाला खरं तर समुद्र आणि झोप एवढंच हवं असतं. पण आमच्या घरात फणस हा साधा विषय नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि त्याने दापोली-मंडणगडचा पट्टाही झोडपून काढला. आंबे, नारळ, पोफळी, सगळं आडवं. आंजर्ल्याच्या आमच्या परसातला आजोबांनी लावलेला फणसही त्यात गेला. जाताना मागच्या पडवीची कौलं घेऊन गेला. काकू तेव्हा घरात एकटीच होती. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा दादा, सिंगापूरला. वादळानंतर वीज नाही, रेंज नाही. काकूचा फोन लागला तो चौथ्या दिवशी.

त्या चार दिवसांबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. फणसाबद्दल मात्र सगळे बोलतात!

सकाळी दापोलीत उतरले. इथलं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं, आणि कोकणात कलम घ्यायचं तर पहिलं नाव त्याच्याच रोपवाटिकेचं. फणसाचं कलम पिशवीत घालून मांडीवर घेतलं आणि आंजर्ल्याची गाडी पकडली. खिडकीतून लाल माती, ओला जांभा आणि नुकतीच हिरवी व्हायला लागलेली कातळं. मिरगाचा पाऊस दोनच दिवसांपूर्वी सुरू झालेला. घरी पोचले तर परसात चार वासे रोवलेले, वर बांबूंची चौकट बांधून तयार. काकूने मांडी‍वरच्या कलमाकडे पाहिलं.

"हे कशाला आणलंस गो? मला तिथे तोंडली लावायच्येत."

फणस म्हणजे एफडी

चहा पिता पिता मी मध्यस्थाचा रोल घेतला. म्हटलं, चला, दोन्ही बाजू नीट समजून घेऊ या.

आधी फणस. पळस, सावर, पांगारा यांच्यासारखा तो उन्हाळ्याच्या तोंडावर बोडका होत नाही. सदाहरित झाड. आता सदाहरित म्हणजे पान गळतच नाही, असा माझा शहरी समज होता. काकू म्हणाली, "माझ्या झाडूला विचार!" पानं गळतात, पण सगळी एकदम नाही. वर्षभर थोडी थोडी गळत राहतात आणि नवी येत राहतात. त्यामुळे सावली बारा महिने, आणि केरही बारा महिने.

फणसाचं गणित एकदम एफडीसारखं. आज गुंतवा आणि विसरा. बी लावलं तर पहिलं फळ दिसायला सात-आठ वर्षं, कलमाला चार-पाच. शिवाय बीचा भरवसा नाही. कापा फणसाची आठळी लावली तरी झाड बरका निघू शकतं. म्हणून कलम. विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही जात कापा फणसाचीच. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी घातलं, गुरांपासून जपलं, की पुढे तो आपलं आपण बघतो. मग मिळतं व्याज. कोवळ्या कुयरीची भाजी, मे महिन्यात गरे, बरक्याची सांदणं, उन्हात वाळवलेली फणसपोळी आणि पावसाळ्यात आमटीत आठळ्या. मेल्यावरही तो कामाला येतो. आमच्या पडलेल्या फणसाच्या लाकडाचे काकूने सहा पाट करून घेतले. पिवळेधमक. त्यातल्याच एकावर बसून मी चहा पीत होते.

तोटा एकच. जागा लागते. मोठ्या फणसाला सगळ्या बाजूंनी पंधराएक फूट मोकळं हवं आणि त्याच्या गर्द सावलीत दुसरं फारसं काही पिकत नाही.

तोंडली म्हणजे पगार

आता तोंडली. भेंडी, गवार, पडवळ ही सगळी दरवर्षी नव्याने पेरायची मंडळी. तोंडलीचा वेल मात्र एकदा लावला की तीन-चार वर्षं चांगला चालतो. वर्षातून एकदा छाटला की पुन्हा फुटतो. अशा टिकाऊ भाज्या आपल्याकडे आणखीही आहेत. विहिरीकाठचं अळू, मायाळू, आणि उन्हाळाभर जमिनीत कंद लपवून पहिल्या पावसात वर येणारी कर्टोली. पण रोजच्या जेवणाला हात देणारी तोंडलीच. लग्नातला मसालेभात तिच्याशिवाय होत नाही आणि ओल्या काजूंबरोबर तिची भाजी म्हणजे... जाऊ दे, तुम्ही ऑफिसात बसून वाचत असाल!

लावायची पद्धत सोपी. बी नाही, छाट लावायचे. फळणाऱ्या वेलीची पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी घ्यायची आणि दोन डोळे मातीत जातील अशी खोचायची. अडीच-तीन महिन्यांत तोंडली सुरू. फणसाच्या चार-पाच वर्षांपुढे हे म्हणजे जॉइन झाल्या झाल्या पगार!

पण पगारासाठी रोज हजेरी लावावी लागते. वेलाला मांडव हवा, ऊन हवं, उन्हाळ्यात पाणी हवं. दापोली भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. मग न्हाणीचं पाणी वेलाकडे वळवायचं. आणि मुख्य म्हणजे तोंडली दर तीन-चार दिवसांनी तोडायला हवीत. राहिली तर पिकून लालभडक होतात. संस्कृत कवींनी नायिकेच्या ओठांना ज्या बिंबफळाची उपमा दिली, ते हेच. काव्यात ठीक आहे, पण भाजीला त्याचा उपयोग नाही. ती बुलबुलांची पार्टी.

"शिवाय तोंडली खाऊन बुद्धी मंद होते म्हणतात," मी शेवटचं अस्त्र काढलं.

"मग तुझा बाबा लहानपणी पुष्कळ खात असे," काकू म्हणाली.

खरा मुद्दा

संध्याकाळी आम्ही कड्यावरच्या गणपतीला गेलो. पाऊस थांबला होता. वरून समुद्र, हर्णैची बाजू आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग दिसत होता. परत येताना काकू पायरीवर टेकली आणि मग तिने मुद्द्याला हात घातला.

"तुला ठाऊक आहे, तुझ्या बाबाला फणसच का हवाय? फणस बंद घरातही वाढतो."

मी गप्प. दोन वर्षं बाबा तिला पुण्याला ये म्हणतायत. वाईट हेतूने नाही. ते चार दिवस त्यांच्या डोक्यातून गेलेले नाहीत. घराला कुलूप लागलं तरी परसात आपलं काहीतरी उभं राहावं, एवढीच त्यांची इच्छा. फणसाला ते जमतं. तोंडलीला घरात माणूस लागतं.

"आणि मी आहे ना घरात," काकू म्हणाली. "मग मी असताना मी नसल्याची तयारी कशाला?"

इतक्या वर्षांत 'मी पुण्याला येणार नाही' हे वाक्य ती एकदाही बोललेली नाही. तिने सरळ चार वासे रोवले होते.

टेप घेऊन

रविवारी सकाळी मी टेप काढली. जुना फणस पडवीला फारच खेटून होता, म्हणूनच तर कौलं गेली. घरापासून तीस फुटांवर, गडग्याच्या आतल्या बाजूला एक चांगली जागा निघाली. मांडव जिथे बांधलाय तिथेच राहील. कलमाची सावली पडायला अजून कितीतरी वर्षं आहेत. तोवर ऊन तोंडलीचं. हा वेल म्हातारा होईल त्या सुमाराला फणस धरायला लागेल. दोघांचं भांडण मुळात नव्हतंच. दोघांची वेळ वेगळी होती.

बाबांना फोन लावला. "जागा बदलत्येय."

बराच वेळ पलीकडून काही नाही. मग, "पडवीपासून लांब ना?"

"तीस फूट."

"मग ठीक आहे." आणि पुन्हा थोडं थांबून, "वहिनींना दे."

काय बोलणं झालं माहीत नाही, कारण काकू फोन घेऊन विहिरीकडे गेली. आली तेव्हा एवढंच म्हणाली, "गणपतीला पहिला तोडा निघेल. या म्हणाव सगळ्यांनी." आम्ही दोघींनी खड्डा भरला, छाट खोचले. उरलेल्या चार काड्या तिने ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या बॅगेत, लॅपटॉपच्या शेजारी ठेवल्या.

आता आमच्या फॅमिली ग्रुपवर दर रविवारी काकूचा एक फोटो येतो. फणसाला दोन नवी पानं आली आहेत, ती सगळ्यांनी पाहिली. बाबांचा प्रश्न मात्र दर वेळी दुसराच असतो.

"वेल कुठवर आला?"

तुम्हाला जायचंय?

पुण्याहून ताम्हिणी उतरून मुंबई-गोवा हायवे, मग आत वळून मंडणगडमार्गे आंजर्लं. पावसाळ्यात घाट सुरू आहे ना, हे निघण्याआधी विचारून घ्या. रेल्वेने जायचं तर जवळचं स्टेशन खेड. कलमं आणायची असतील तर जूनमध्ये जा, पावसावर ती चांगली रुजतात. फ्लॅटमध्ये फणस शक्य नाही, पण तोंडली नक्की शक्य. मोठी कुंडी, पाच-सहा तास ऊन आणि चढायला बाल्कनीचं ग्रिल एवढं पुरतं. फक्त आठवड्यातून दोनदा तोडायला घरी असा!