रिकाम्या बंदुकीची शिस्त

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि अनेक मुलांच्या मनात नेमबाजीची ओढ निर्माण झाली. आईवडिलांच्या मनात मात्र त्याच वेळी धास्ती दाटून येते. माझ्या धाकट्या भावाची मुलगी एअर रायफल शिकू लागली, तेव्हा तिच्या आईची झोपच उडाली. म्हणून एका स्पर्धेला मी मुद्दाम उपस्थित राहिलो.

एअर रायफलचा छर्रा अवघा ४.५ मिलिमीटर व्यासाचा. दहा मीटरवरील लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा! परंतु तो इवलासा छर्राही माणसाचा डोळा कायमचा निकामी करू शकतो. त्यामुळे तेथे प्रत्येक हालचालीला नियम आहे. नळीचे तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेने असावे. ‘लोड’ असा हुकूम झाल्याशिवाय छर्रा भरू नये. ‘स्टॉप’ ऐकताच नेमबाजी तत्काळ थांबवावी. फायरिंग लाइनच्या पुढे कोणी गेले असेल, तर बंदुकीला हातही लावू नये. छर्रा न भरता चाप ओढण्याचा सरावदेखील नेमून दिलेल्या जागीच, परवानगीने करावा लागतो. सुरक्षिततेला धोका पोहोचेल अशा प्रकारे हुकुमाआधी किंवा हुकुमानंतर गोळी झाडली, तर स्पर्धकाला बादही केले जाऊ शकते.

माझे लक्ष विशेष वेधून घेतले ते एका भडक नारिंगी दोरीने. तिला सेफ्टी फ्लॅग म्हणतात. एअर रायफलसाठी ही दोरी नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार जाईल एवढी असावी लागते. नळीत छर्रा अडकलेला असेल, तर ती पलीकडे निघणारच नाही. पुतणीने शेवटचा छर्रा झाडून रायफल उघडली, आत पाहिले, पंचांना दाखवली आणि दोरी ओवली.

बाहेर आल्यावर मी विचारले, “ती रिकामी आहे, हे तुला ठाऊक होते ना?”

ती म्हणाली, “मला ठाऊक होतं, काका. पण शेजारच्या मुलीला कसं कळणार?”

या उत्तराने मी अंतर्मुख झालो. ‘बंदूक रिकामीच होती’ हे वाक्य बहुधा अपघातानंतर ऐकू येते. ते उच्चारणारा खोटे बोलत नसतो. त्याला तशी मनोमन खात्री असते. म्हणूनच हा खेळ कोणाच्याही खात्रीवर विसंबत नाही. नवशिका असो वा पदकविजेता, प्रत्येकाने बंदूक भरलेली आहे असे समजूनच ती हाताळायची, आणि रिकामी असल्याची खूण इतरांना दिसेल अशी ठेवायची. आपल्या चांगुलपणाची ग्वाही देण्यापेक्षा शेजाऱ्याला निर्धास्त करणे, हे मला अधिक मोलाचे वाटते.

पालकहो, मुलांना या खेळापासून परावृत्त करू नका. मात्र नाव नोंदवण्यापूर्वी एकदा रेंजवर जाऊन शांतपणे बसा. तेथील भिंतीवरची पदके अवश्य पाहा; पण ‘स्टॉप’ म्हणताच सारे हात थांबतात का, आणि बाजूला ठेवलेल्या प्रत्येक रायफलीतून ती नारिंगी दोरी डोकावते का, हे त्याआधी पाहा.