थाळनेर : आमच्या राजधानीतला एक दिवस

लंडनला एकच दिवस हाताशी असेल तर काय काय पाहावे, हे आमच्या घरात आता लहानथोर सगळ्यांना पाठ आहे. सकाळी टॉवर, मग नदीवरचा पूल, मग ते मोठे घड्याळ, राजवाड्यासमोर बदलणारे पहारेकरी, आणि पाय दुखेपर्यंत म्युझियम. आमच्या नणंदेचा मुलगा तिकडे शिकायला गेला आणि पहिल्याच सुट्टीत त्याने तो सारा दिवस मोबाइलवरून आम्हाला दाखवला. आम्ही दोघी जावा पोळ्या लाटता लाटता थेम्स नदी पाहून आलो. शहर पाहण्यासारखे आहे, त्यात वाद नाही. त्यांच्या राजांची थडगी, कैदखाने, मुकुट, सगळे कसे पुसूनपासून ठेवले आहे! आणि तिकिटाचे पैसे मोजून घेतल्याशिवाय काही दाखवत नाहीत.

आमचे म्हणाल तर आम्ही जळगावच्या बायका घराबाहेर पडतो ती तीन कारणांनी : शादी, मय्यत आणि दवाखाना. 'सैर' हा शब्द आम्ही ऐकलेला आहे, एवढेच. त्यामुळे आपणही एक दिवस कुठेतरी नुसते पाहायला जावे असे मनात होतेच. पण खरे कारण निराळे घडले.

धाकटीची मुलगी सातवीत आहे. शाळेत 'आपल्या परिसराचा इतिहास' असा प्रकल्प मिळाला. तेव्हा वर्गातल्या एका मैत्रिणीने अगदी सहज विचारले, "तुम्ही लोक इकडे कधी आलात गं?" त्यात खोटेपणा नव्हता, वाईट हेतूही नव्हता. तरी मुलगी घरी आली ती गप्प. रात्री जेवताना तिने तोच प्रश्न आम्हाला विचारला. पुरुषमंडळींनी अर्धा तास उत्तर दिले, ते तिला कळले नाही. दादी, म्हणजे आमच्या आजेसासूबाई, अजून अहिराणीच बोलतात. त्यांनी भाकरी मोडता मोडता एवढेच म्हटले, "आपण आठलाच शेतस." मुलीने वहीत काही लिहिले नाही. आजीचे बोलणे प्रकल्पात कसे लिहायचे, असा तिचा सवाल होता.

तेव्हा ठरले की तिला राजधानी दाखवायची. खान्देशची राजधानी म्हटले की सगळे बुऱ्हाणपूरचे नाव घेतात. पण त्याच्याही आधीची राजधानी धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी आहे : थाळनेर. जेठ म्हणाले, "तिथे काय आहे? त्यापेक्षा अजिंठ्याला चला." अजिंठा आम्ही चार वेळा पाहिला आहे, पाहुणे आले की तिकडेच नेतात. या वेळी आम्ही ऐकले नाही.

डिसेंबरच्या एका रविवारी फजरनंतर भाड्याच्या क्रूझरमध्ये आम्ही 11 जण निघालो. दादींना पुढच्या सीटवर बसवले. डब्यात भरीत, कळण्याच्या पुऱ्या, उकडलेली अंडी आणि ठेचा. थंडीत जळगावच्या माणसाने भरीत सोडून दुसरे काही नेले तर लोक काय म्हणतील! विदगावचा पूल ओलांडला, केळीच्या बागा सुरू झाल्या, चोपडा मागे पडले. हा रस्ता आज आडवळणाचा वाटतो. एके काळी सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा मोठा व्यापारी मार्ग इथूनच जाई. थाळनेर आणि चोपडा ही त्यावरची मुक्कामाची गावे. 17 व्या शतकात ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या या मार्गाने गेला. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 साली शहजादा परवेझला भेटायला बुऱ्हाणपुरात आला तोही सुरतेहून खान्देश ओलांडूनच. लंडनचा माणूस आपल्याकडे पाहुणा होऊन येत होता, हे ऐकून मुले जरा सरळ बसली.

गाडीत आम्ही त्यांना मलिक राजाची गोष्ट सांगितली. फेरिश्ता या इतिहासकाराने ती लिहून ठेवली आहे. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक शिकारीच्या नादात सोबत्यांपासून दूर गेला आणि भुकेने व्याकूळ झाला. वाटेत भेटलेल्या एका स्वाराने आपल्या जवळचे जेवण त्याच्यापुढे ठेवले. तो स्वार म्हणजे मलिक राजा. 1370 च्या सुमारास सुलतानाने त्याला थाळनेरचा मुलूख दिला, आणि 1382 पासून तो स्वतंत्रपणे राज्य करू लागला. हजरत उमर फारूक (रजि.) यांच्याशी नाते सांगणारे म्हणून हे घराणे फारूकी. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला तोवर, म्हणजे 200 वर्षांहून अधिक काळ, खान्देश त्यांच्याकडे होता. गोष्ट खरी की रंगवलेली, ते अल्लाह जाणे. पण एका जेवणाच्या डब्यातून राज्य उभे राहिले ही कल्पना आम्हा चुलीपाशी उभ्या राहणाऱ्यांना फार आवडली.

थाळनेर आज एक मोठे गाव आहे. किल्ला म्हणावा तर नदीकाठचे उंच माळ आणि ढासळलेल्या तटाचे तुकडे. खाली तापी, हिवाळ्यातली, संथ. मकबरे मात्र उभे आहेत. चौकोनी, घुमटाचे, दगडी. त्यांत एक अष्टकोनी आहे आणि त्याच्या काळ्या दगडावरची नक्षी पाहत आम्ही किती वेळ उभ्या राहिलो ते कळले नाही. वेल, फुले, जाळी. हात फिरवावा तर भरतकामावरून फिरवल्यासारखे वाटते. आमच्या धाकटीला कशिद्याचे वेड. तिने मोबाइलमध्ये फोटो न काढता वहीत नक्षी उतरवून घेतली, आणि मुलगी तिच्याशेजारी बसून पावलांनी मकबऱ्याच्या आठ बाजू मोजून आली. आजूबाजूला गवत होते, शेळ्या होत्या. पहारेकरी बदलत नव्हते, कारण तो आम्हाला दिसलाच नाही.

दादींनी आधी सलाम केला, मग फातिहा पढली. मलिक राजा 1399 मध्ये वारला आणि इथेच दफन झाला. त्याच्या शेजारी मुलगा नासिर खान. या नासिर खानाची हकिकत आम्ही मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती वाचणाऱ्या प्रत्येक बाईला आपल्या माहेरची आठवण येईल.

बापाने जाताना राज्य दोन मुलांत वाटले होते : थोरल्या नासिरला लळिंग, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. ती वाटणी टिकली नाही. 1417 मध्ये नासिरने माळव्याची मदत घेऊन भावाकडून थाळनेर घेतले. (इथे आमच्या दोघींचे नवरे एकमेकांकडे पाहून हसले. आम्ही हसलो नाही.) त्याने असीरगड घेतला, तापीकाठी नवे शहर वसवले आणि हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याला बुऱ्हाणपूर नाव दिले. इतका मोठा राजा. त्याची मुलगी दख्खनच्या बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदला दिलेली. सुलतानाने संगमेश्वरच्या राजाच्या मुलीशी निकाह केला आणि पहिलीकडे दुर्लक्ष सुरू झाले. तिने बापाला पत्र लिहिले. आणि बाप फौज घेऊन निघाला! वऱ्हाडात शिरला, रोहिणखेडला हरला, बुऱ्हाणपूर लुटले गेले, शेवटी लळिंगच्या किल्ल्यात येऊन 1437 मध्ये वारला. त्याला इथे आणून बापाशेजारी ठेवले.

आता यात राजकारण होतेच, वऱ्हाडवर डोळाही असेल. इतिहासवाले तसेच म्हणतील. पण आमच्या ओळखीत किती मुलींनी असे पत्र लिहिले आणि माहेरून "निभावून घे" एवढेच उत्तर आले, याची आम्ही त्या ओट्यावर बसून मोजणी केली. सहा नावे निघाली. मग मोजणे थांबवले. दादी ऐकत होत्या, त्यांनी एक सातवे नाव सांगितले. ते आम्हाला ठाऊक नव्हते, आणि ते आमच्याच घरातले होते. त्यावर कोणी काही बोलले नाही.

जोहरची नमाज पुरुषांनी गावच्या मशिदीत आणि आम्ही सावलीत चादर अंथरून पढली. जेवण उरकून किल्ल्याच्या बाजूला गेलो. इथे लंडनचा संबंध पुन्हा येतो, आणि तो गोड नाही. मंदसौरच्या तहाने होळकरांनी खान्देश इंग्रजांना देऊन टाकला. थाळनेरचा किल्लेदार मात्र किल्ला सोडेना. 27 फेब्रुवारी 1818 रोजी जनरल हिस्लॉपची फौज इथे आली. दरवाज्यापाशी बोलणी चालू असता गैरसमज झाला, दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग सुमारे 300 शिबंदीपैकी जवळजवळ सगळ्यांची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिले. शिबंदी बहुतेक अरबांची, किल्लेदार हिंदू. 1819 मध्ये लंडनच्या पार्लमेंटात फौजेच्या अभिनंदनाचा ठराव आला तेव्हा थाळनेरच्या या प्रकारावरून हिस्लॉपबद्दल नाराजी बोलून दाखवली गेली. म्हणजे आमच्या गावाचे नाव त्या मोठ्या घड्याळाच्याही आधी त्या पार्लमेंटात घेतले गेले होते. नणंदेच्या मुलाला हे कळवायचे ठरले.

सावळदे पुलावरून तापी पुन्हा ओलांडून असरच्या सुमारास धुळ्यात पोहोचलो. नणंद गल्ल्यांना नंबर असलेल्या जुन्या भागात राहते. 1818 नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे खान्देशचे मुख्य ठाणे केले आणि गाव नव्याने आखले. याच ब्रिग्जने फेरिश्ताचा इतिहास इंग्रजीत आणला. तो 1829 मध्ये लंडनला छापला गेला. मलिक राजाचा डबा आणि नासिरच्या मुलीचे पत्र जगभर गेले ते धुळ्यात कारभार केलेल्या माणसाच्या हातून. गच्चीवरून नणंदेने दक्षिणेकडे लळिंगची टेकडी दाखवली. पत्र वाचून निघालेला बाप शेवटी तिथे आला होता. मुलगी बराच वेळ तिकडे पाहत होती.

आठ दिवसांनी प्रकल्प शाळेत गेला. पहिल्या पानावर धाकटीने उतरवलेली नक्षी. खाली तिने लिहिले : "आमची दादी म्हणते आपण इथलेच आहोत. मी थाळनेरला जाऊन आले." पुढे सनावळी, मकबऱ्याच्या आठ बाजूंची पावले, आणि नासिर खानाच्या मुलीवर दीड पान. ज्या मैत्रिणीने प्रश्न विचारला होता तिने सुट्टीत बुऱ्हाणपूरला सोबत येऊ का म्हणून विचारले आहे. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातलाही शिलालेख आहे, 1590 सालचा. तिला संस्कृत वाचता येते म्हणे.

तुम्ही थाळनेरला जाणार असाल तर थंडीत जा, सकाळी लवकर पोहोचा. पाणी आणि जेवण घरून न्या. गवतातून चालायचे असल्याने बायकांनी चपलेऐवजी बूट घालावेत. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईला न्या, आणि ती बोलू लागली तर निघायची घाई करू नका.