वेळापत्रकाने वाहणारी नदी

दोस्तांनो, नदीला पाणी केव्हा चढतं? पाऊस पडल्यावर, असंच तुम्ही म्हणणार. पण रायगड जिल्ह्यातली कुंडलिका भर मे महिन्यात, आकाशात ढगाचा ठिपकाही नसताना सकाळी भरून वाहू लागते आणि काही तासांनी पुन्हा उतरते!

कुंडलिका तशी छोटीशीच नदी. सह्याद्रीच्या पायथ्याशी भिऱ्याकडून निघते आणि कोलाड, रोहा करत रेवदंडा-कोर्लईपाशी अरबी समुद्राला मिळते. उन्हाळ्यात तिच्याजवळ स्वतःचं पाणी असून असून किती असणार? तिला पाणी मिळतं ते घाटावरून. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी धरणाचं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून आणि मग जाडजूड नळांतून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं. हे १९२७ पासून चालू आहे, बरं का! त्या पाण्याच्या जोराने चाकं फिरतात, वीज तयार होते आणि मुंबईकडे जाते. वीज केली म्हणून पाणी थोडंच संपतं? रवाळजे इथे त्याच पाण्यावर पुन्हा वीज करतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. तेव्हा नदी फुगते.

आणि तेव्हाच तिथे राफ्टिंगची धमाल सुरू होते. रबरी तराफ्यात सहा-आठ जण, हातात वल्ही, डोक्यावर हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट. मागे बसलेला वाटाड्या ओरडतो, "फॉरवर्ड!" की सगळ्यांनी वल्ही मारायची. पहिल्याच खळाळाला मी चक्क डोळे मिटले होते. वाटाड्याने मात्र डोळे उघडे ठेवून पाणी 'वाचायला' शिकवलं. पाण्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार दिसतो. त्याचं टोक आपल्यापासून पुढे, प्रवाहाच्या दिशेने असेल तर ती वाट खोल पाण्याची. टोक आपल्याकडे असेल तर समजावं, तिथे खडक लपलाय! खडकाच्या आडोशाला पाणी उलटं फिरतं आणि नाव तिथे जरा विसावते.

तराफ्यातून पडलात तर? उताणं व्हायचं, पाय पुढे आणि वर ठेवायचे आणि वाहत जायचं. उभं राहायचा प्रयत्न अजिबात नको. दगडांच्या फटीत पाय अडकला की मागचं पाणी माणसाला खाली दाबतं. छान पोहता येणाऱ्यालाही मग सुटता येत नाही.

खरी फसवणूक होते ती पाणी सोडण्याआधी. तेव्हा नदी इतकी उथळ दिसते, की कुणालाही वाटावं, चला, मधल्या खडकावर बसून डबा खाऊ या. अन् तेवढ्यात पाणी चढू लागतं. गावातल्या माणसांना पाण्याच्या वेळा ठाऊक असतात, पाहुण्यांना नसतात. तेव्हा आईबाबांबरोबर गेलात तर पाण्यात पाय घालण्याआधी काठावरच्या एखाद्या काकांना नाहीतर मावशींना विचारा, "आज पाणी कधी येणार?" यात लाजायचं काही नाही.

पुढे डोलवहालच्या बंधाऱ्यावर हेच पाणी अडवून कालव्यांनी शेतीला देतात. एका पाण्याची किती कामं!

पण हे पाणी फुकट आलेलं नाही. मुळशीचं धरण होताना मावळातली कितीतरी गावं, भाताची खाचरं पाण्याखाली गेली. आपली जमीन जाऊ नये म्हणून १९२१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. ते तुरुंगातही गेले. तरी धरण झालंच.

आता घरातला नकाशा काढा. मुळशीची नदी म्हणजे मुळा. तिच्यावरून बोट पुढे सरकवा. पुण्यात मुठा भेटेल, मग भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. धरण नसतं तर तुमच्या तोंडावर उडालेलं कुंडलिकेचं ते पाणी तिकडे, पार दुसऱ्या समुद्राला गेलं असतं!