अडण्याचं कारण

चिपच्या आराखड्यात दोष उरला आहे का, हे तपासणं माझं काम. त्यासाठी आराखडा, आणि त्यात दोष आहे हे गृहीतक, खरं किंवा खोटं एवढ्याच किमती घेणाऱ्या चलांत उतरवतो. प्रत्येक क्लॉज ही एक अट : तिच्यातलं निदान एक पद खरं ठरायला हवं. सगळ्या अटी एकदम पाळणाऱ्या किमती सापडल्या, तर दोष हाती लागला.

नुसती शंभर चलं घेतली तरी शक्यतांची संख्या एकतीस अंकी होते. सगळेच असे प्रश्न झटपट सोडवणारी रीत कुणालाच ठाऊक नाही. १९७१ मध्ये स्टीफन कुक यांनी या काठिण्याचं मूळ दाखवलं. तरीही आमचे सॉल्व्हर, म्हणजे असे प्रश्न सोडवणारे प्रोग्रॅम, लाखो चलांचे प्रश्न सोडवतात. कसे?

१९६२ मधली डेव्हिस, लोगमन आणि लव्हलँड यांची रीत साधी होती : एका चलाची किंमत ठरवा, त्यातून जे अटळ ठरेल ते भरत जा, विसंगती आली की मागे फिरा. १९९६ मध्ये मार्केस-सिल्वा आणि साकल्ला यांच्या ‘ग्रास्प’नं विचारलं, विसंगती आली कशामुळे? तिचा माग उलटा काढायचा, कारण नव्या क्लॉजमध्ये नोंदवायचं आणि मधले निरपराध निर्णय ओलांडून थेट दोषी निर्णयापर्यंत मागे जायचं. एकदा नोंदवलेलं कारण शोधाच्या इतर असंख्य वाटाही बंद करतं. वेग येतो तो इथून.

मात्र कारण थोडक्यात मावलं, तरच ते कामाचं. लांबलचक क्लॉज क्वचितच उपयोगी पडतो. सॉल्व्हर असे क्लॉज वेळोवेळी टाकूनही देतो. इथे मांडणाऱ्याचा हात दिसतो. ‘हजारांपैकी जास्तीत जास्त एकच चल खरं’ ही अट जोड्या लावून लिहिली, तर ४,९९,५०० क्लॉज होतात. ‘इथवर एखादं खरं आलं का’ हे सांगणारी मधली चलं घातली, तर सुमारे ३,००० पुरतात. शिवाय पानभर पदांनी सांगावं लागणारं कारण अशा एका चलानं सांगता येतं. म्हणून सॉल्व्हर अडला की मी आधी माझी मांडणी तपासतो.

‘दोष नाही’ या उत्तराचा पुरावा म्हणजे अशा शिकलेल्या क्लॉजांचीच रांग. अशा पुराव्याचं एक उदाहरण : १ ते ७८२५ या संख्या दोन रंगांत अशा वाटता येत नाहीत, की एकही पायथागोरसचं त्रिकूट (a² + b² = c² असणाऱ्या तीन संख्या) एकाच रंगात पडणार नाही. २०१६ मधला त्याचा पुरावा सुमारे २०० टेराबाइटचा होता. माझे पुरावे त्यापुढे चिमुकले. पण वेगळ्या प्रोग्रॅमनं त्यांची पायरी न् पायरी तपासल्याशिवाय मी ‘नाही’ म्हणत नाही.