राईतली वाळकी काटकी

पुण्याहून पौड ओलांडून माले गाठले की मुळशीच्या पाण्याची चाहूल लागते. आषाढात डोंगरांवरून धबधबे कोसळत असतात, खाचरांत भाताची लावणी चाललेली असते आणि ताम्हिणीकडे गाड्यांची रांग लागते. हे पाहून कुणाचेही हात जुळतील. या मावळातल्या माणसाने मात्र त्याहून अवघड गोष्ट केली. त्याने हात आवरला.

ती गोष्ट म्हणजे देवराई, देवाच्या नावाने राखलेले रान.

तिची ओळख लहानपणीच होते. आजीचे बोट धरून आलेल्या पोराला चपला बाहेर काढायला लावतात. इथली फांदी मोडायची नाही, वाळकी काटकीही सरपणाला न्यायची नाही, हे त्याला तेव्हाच कळते. लग्न झाले की नवरानवरी जोडीने देवाच्या पाया पडतात. भात घरात आला की पहिला नैवेद्य देवाचा. पुढे संसारात अडचण येते, घराला वासा हवा असतो. सरळ खोडाचे झाड समोर उभे असते, तरी आधी देवाला कौल लावायचा. कौल मिळाला नाही तर कुऱ्हाड खांद्यावरच राहते. गरज असताना झाड सोडून देणारा हा माणूस आपली कृतज्ञता बोलून दाखवत नाही, पण पिढ्यान् पिढ्या ती पाळतो.

१९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे दोन पुणेकर शास्त्रज्ञ सह्याद्रीतल्या देवराया पाहत हिंडले. आजूबाजूचे डोंगर बोडके होत असताना जुने वृक्ष आणि प्रचंड वेली या रायांमध्ये टिकून होत्या. राईच्या आडोशाला झराही टिकतो, हे गावकऱ्यांना ठाऊकच होते. झाडांखालचा पालापाचोळा कुणी झाडून नेत नाही, त्यामुळे पाऊस जमिनीत मुरतो.

मुळशीच्या याच खोऱ्याने हात न आवरणेही पाहिले आहे. टाटा कंपनीच्या धरणात इथली भाताची जमीन गेली आणि गावेही गेली. त्याविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह उभा राहिला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण झालेच. आज ज्या निळ्या पाण्यासमोर लोक फोटो काढतात, त्याच्या तळाशी कुणाची तरी खाचरे आहेत. त्या पाण्याचे सौंदर्य खोटे नाही. पण त्यापुढे नतमस्तक होताना ज्यांची जमीन गेली त्यांचेही ऋण मानायला हवे.

ताम्हिणीला विंझाई देवीची राई आजही उभी आहे. या पावसाळ्यात तिकडे गेलात तर रस्त्यावरूनच परत फिरू नका. गाडीतली गाणी बंद करा, चपला बाहेर काढा, थोडा वेळ आत थांबा आणि येताना पानसुद्धा तोडून आणू नका.