खोकल्याचे औषध आणि धावपटूची जबाबदारी

उत्तेजकविरोधी नियमांचा गाभा म्हणजे खेळाडूची संपूर्ण जबाबदारी, अर्थात शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की ते कोणी दिले आणि का घेतले हे न पाहता नियमभंग झाला असे मानण्याचे तत्त्व. हेतू आणि हलगर्जी यांचा विचार होतो तो पुढे, शिक्षेची मुदत ठरवताना. ज्या परिसरातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले, त्या हरसूल भागात शाळकरी मुलांचा धावण्याचा सराव घेणाऱ्या प्रस्तुत लेखकाला या तत्त्वाची धार एका पावसाळ्यात जाणवली. राज्यस्तरीय स्पर्धा तोंडावर असताना खोकल्याने बेजार झालेली एक मुलगी घरच्यांनी मेडिकलमधून आणलेली बाटली पिशवीत घालून सरावाला आली, आणि त्या चिकट बाटलीच्या लेबलावर ब्रोमहेक्झिन, ग्वायफेनेसिन यांच्या शेजारी, बारीक इंग्रजी अक्षरांत, टर्ब्युटालिन हे नाव निघाले.

श्वासनलिका सैल करणारे हे द्रव्य खोकल्याच्या कितीतरी औषधांत असते आणि ते स्पर्धेच्या काळातच नव्हे तर एरवीही निषिद्ध आहे. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याने फेब्रुवारी 2019 मध्ये इंदूरला दिलेल्या नमुन्यात तेच आढळले. खोकल्याच्या औषधाचा त्याचा खुलासा नियामक मंडळाने मान्य केला, तरीही आठ महिन्यांची बंदी टळली नाही. नाशिकची धावपटू संजीवनी जाधव हिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड, म्हणजे इतर द्रव्यांचा माग झाकू शकणारे औषध, सापडले, तेव्हा दोन वर्षांच्या बंदीबरोबर 2019 च्या दोहा आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेतील कांस्यपदकही गेले.

अल्पवयीनांना शिक्षेत सवलत मिळू शकते, परंतु बाद झालेला निकाल परत मिळत नाही. नियम कठोर असावा, कारण प्रामाणिक धावपटूचे रक्षण त्यानेच होते. मात्र इतकी कठोर अट ज्याच्यावर लादायची, त्याला ती त्याच्या भाषेत आधी सांगणे हे यंत्रणेचे कर्तव्य आहे, आणि ते आज पाड्यापर्यंत पोहोचलेले नाही. निषिद्ध द्रव्यांची यादी मराठीत प्रत्येक आश्रमशाळेत लावावी. पालकांनीही औषध घेताना मूल स्पर्धेत धावते हे डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्याला आवर्जून सांगावे.